तुरुंगाचे दार आणि सुटकेचा कागद : कच्च्या कैद्यांच्या हक्कांची गोष्ट (दीर्घ थ्रेड)

१. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाच्या दाराशी एक पेटी आहे. न्यायालयाने जामीन दिल्यावर निघालेला सुटकेचा आदेश त्या पेटीत येऊन पडतो, ठरलेल्या वेळी पेटी उघडली जाते आणि मगच आतल्या माणसाच्या सुटकेची हालचाल सुरू होते. आदेश वेळेत पडला नाही, तर न्यायालयाने मोकळ्या केलेल्या माणसाची ती रात्रही तुरुंगातच जाते. जामीन मिळणे ही एक गोष्ट आणि जामिनाचा कागद तुरुंगापर्यंत पोहोचणे ही दुसरी.

२. भारतातील कैद्यांच्या हक्कांचा इतिहास या दोन गोष्टींमधल्या अंतराचा आहे. हक्क बहुतेक वेळा पुस्तकात लिहिलेला होता. तो बंद्याला सांगणारा, त्याच्या वतीने अर्ज लिहिणारा, त्याच्या घरच्यांना वाट दाखवणारा माणूस मात्र नव्हता. १९७८ ते १९८६ या आठ वर्षांत एक वकील, एक निवृत्त पोलीस अधिकारी, एक पत्रकार आणि फाशीची शिक्षा झालेला एक कैदी यांनी ही उणीव देशासमोर आणली. त्या काळातील दोन महत्त्वाचे खटले महाराष्ट्रातले आहेत.

३. आधी तुरुंगाची भाषा समजून घेऊ. ज्याचा खटला अजून संपलेला नाही तो 'कच्चा कैदी', म्हणजे न्यायाधीन बंदी. ज्याला शिक्षा लागली तो 'पक्का कैदी', म्हणजे सिद्धदोष बंदी. घरच्यांची भेट म्हणजे 'मुलाखत'. न्यायालयात हजर करण्याचा दिवस म्हणजे 'तारीख'. जामिनासाठी उभा राहणारा तो 'जामीनदार'. त्याने आपली ऐपत कागदाने सिद्ध करायची. जामीनदाराशिवाय केवळ स्वतःच्या हमीवर सुटका झाली तर तो 'जातमुचलका'.

४. घरातला कमावता माणूस पकडला गेला की कुटुंबापुढे प्रश्नांची रांग लागते. त्याला कोणत्या ठाण्यात नेले? कोणत्या न्यायालयात उभे करणार? कोणते कलम लावले? वकील कुठे मिळेल, तो किती पैसे घेईल? मुलाखतीला कोणत्या दिवशी जायचे, कोणती ओळखपत्रे न्यायची? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वेगळ्या खिडकीवर मिळते, आणि ती खिडकी शोधण्यात एकेका दिवसाची मजुरी बुडते. ज्यांना हे फेरे परवडत नाहीत, त्यांचा माणूस आत राहतो.

५. कायदा याबाबत अगदीच मुका होता असे नाही. १८९४ चा कारागृह अधिनियम ब्रिटिशांनी केलेला, शिस्त आणि शिक्षा यांवर भर देणारा. तरीही त्याच्या कलम ३१ नुसार कच्च्या कैद्याला बाहेरून अन्न, कपडे मागवता येत होते. कलम ४० मध्ये मुलाखतीची तरतूद होती, आणि न्यायाला बाध येत नसेल तेथवर कच्च्या कैद्याने आपल्या वकिलाला तिसऱ्या कोणाच्या उपस्थितीविना भेटावे, असेही त्यात म्हटले होते. प्रश्न इतकाच होता की ज्याला वकीलच नाही, त्याने या कलमाचे काय करायचे?

६. हा प्रश्न मुंबईत फार आधी विचारला गेला. १९२४ मध्ये येथे बॉम्बे लीगल एड सोसायटी स्थापन झाली. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती नटवरलाल हरिलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायदेविषयक साहाय्य देण्यासंबंधी समिती नेमली. समितीने तपशीलवार योजना सुचवली. पण पैशाचे कारण पुढे आले आणि योजना कागदावर राहिली. याच भगवतींचे चिरंजीव प्रफुल्लचंद्र पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. वडिलांच्या अहवालातला विषय मुलाच्या निकालपत्रांत पुन्हा येणार होता.

७. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे समजण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९अ आणला आणि मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे उद्दिष्ट ठरवले. याच सुमारास आणीबाणी येऊन गेली होती. हजारो शिकलेली, राजकारणातली माणसे तुरुंग पाहून आली होती. तुरुंगाच्या भिंतीआड काय चालते, याविषयी न्यायालय आणि वृत्तपत्रे पूर्वीपेक्षा जागी होती.

८. पहिला धक्का पुण्याच्या येरवड्याहून बसला. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात विद्यापीठाची बनावट पदवी प्रमाणपत्रे तयार करण्याच्या प्रयत्नाचा आरोप सिद्ध झाला होता. सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि दंड एवढ्यावर भागवले होते. उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये शिक्षा वाढवून तीन वर्षे सक्तमजुरी केली. त्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागणारा अर्ज आला तो चार वर्षांहून अधिक उशिराने. तोवर शिक्षा भोगूनही झाली होती.

९. एवढा उशीर का? अर्जदार म्हणाला, निकालपत्राची नक्कल मला मिळालीच नाही. उच्च न्यायालयाने ती येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांकडे वेळेत पाठवली होती. तुरुंगाचे म्हणणे असे की नक्कल कैद्याला दिली होती, पण राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी ती परत घेतली. कैद्याची सही असलेली पोच मात्र कुठेच नव्हती. अपिलाचा हक्क, अपिलाची मुदत, सारे कायद्यात होते. आणि ते सारे एका सही नसलेल्या पोचेपाशी येऊन थांबले होते.

१०. १७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. अर्जदाराच्या पदरी काही पडले नाही, त्याचा अर्ज फेटाळला गेला. त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक कैद्यासाठी मात्र नियम ठरला. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालपत्राची नक्कल विनामूल्य आणि तातडीने द्यायची. ती तुरुंगामार्फत पाठवली असेल तर अधीक्षकाने ती कैद्याच्या हाती देऊन लेखी पोच घ्यायची. अपील लिहिण्यासाठी लागणाऱ्या सोयी पुरवायच्या. वकील करण्याची ऐपत नसेल, तर राज्याने वकील द्यायचा.

११. आठवड्याभरातच, २४ ऑगस्ट १९७८ रोजी, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्याचा निकाल आला. अर्जदार गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि तपशील ठरवण्याचे काम खालच्या न्यायालयावर सोपवले. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. गवंड्याचा भाऊ उभा राहायला तयार होता. पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याला नाकारण्यात आले. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला जामीन जिल्ह्याच्या सीमेवर अडला.

१२. कृष्ण अय्यर यांनी हे प्रकरण केवळ रकमेचे मानले नाही. गरिबाकडून ऐपतीबाहेरची रक्कम मागणे म्हणजे जामीन देऊन तो परत काढून घेणे, हा त्यांच्या निकालाचा गाभा होता. परजिल्ह्यातला, परप्रांतातला जामीनदार केवळ तेवढ्याच कारणाने नाकारता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. गवंड्याला एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश झाला. पोटासाठी गाव सोडून आलेल्या प्रत्येक मजुराच्या कुटुंबाला या निकालाचे मोल कळण्यासारखे आहे. त्यांचे जमीनजुमला असलेले आप्त नेहमीच 'दुसऱ्या जिल्ह्यात' असतात.

१३. आता बिहारकडे. खुस्रो फरामर्झ रुस्तमजी नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी. सीमा सुरक्षा दलाचे ते पहिले महासंचालक. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी बिहारमधले तुरुंग पाहिले आणि तेथील कच्च्या कैद्यांविषयी लिहिले. ८ व ९ जानेवारी १९७९ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये तो मजकूर छापून आला. तुरुंगात माणसे भरण्याचे काम ज्या खात्याचे, त्याच खात्यात आयुष्य घालवलेल्या अधिकाऱ्याने 'ही माणसे येथे का आहेत' असे विचारले होते.

१४. दिल्लीत वकील कपिला हिंगोरानी यांनी हे वाचले. ११ जानेवारीला, म्हणजे दोनच दिवसांनी, त्यांनी सर्वोच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका दाखल केली. ना त्या कैद्यांच्या नातेवाईक, ना कोणी त्यांना वकीलपत्र दिलेले. हातात होते ते वृत्तपत्राचे कात्रण. या कैद्यांपैकी एका स्त्रीच्या नावाने हा खटला आज ओळखला जातो : हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य. पुढे हिंगोरानींना 'जनहित याचिकेची जननी' म्हटले गेले, त्याची सुरुवात ही.

१५. सुनावणी न्यायमूर्ती भगवती, पाठक आणि कोशल यांच्यासमोर झाली. ५ फेब्रुवारी १९७९ रोजी बिहार सरकारच्या वतीने कोणी हजरही झाले नाही; तेव्हा वृत्तपत्रातला मजकूर खरा मानूनच न्यायालय पुढे गेले. चित्र भयंकर होते. आरोप सिद्ध झाला असता तरी ज्यांना काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षे शिक्षा झाली असती, अशी माणसे तीन ते दहा वर्षे आत होती. अनेकांचा खटला उभाही राहिला नव्हता. त्यांत मुलेही होती.

१६. काही स्त्रिया तर आरोपीही नव्हत्या. त्या गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार म्हणून लागणाऱ्या; त्यांना 'संरक्षणात्मक ताब्यात' ठेवले होते, आणि ताबा म्हणजे तुरुंग. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच गजाआड ठेवून राज्य त्याला संरक्षण म्हणत होते. न्यायालयाने त्यांना तुरुंगातून काढून महिला व बालकांच्या कल्याणगृहांत नेण्याचा आदेश दिला.

१७. येथे एक तांत्रिक पण कळीचा मुद्दा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ नुसार तपास ९० किंवा, गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे, ६० दिवसांत पूर्ण झाला नाही तर आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळत असे. बिहारच्या तुरुंगांत कित्येकांचा हा हक्क वर्षानुवर्षे पिकून पडला होता. हक्क सांगायचा तर अर्ज करावा लागतो. अर्जासाठी वकील लागतो. वकिलासाठी पैसा लागतो. आणि त्याही आधी असा काही हक्क आहे हे ठाऊक असावे लागते.

१८. म्हणून ९ मार्च १९७९ च्या आदेशात न्यायालयाने हक्कांची घोषणा केली आणि कृतीही सांगितली. पुढच्या रिमांडच्या तारखेला या कैद्यांच्या जामिनाचा अर्ज करण्यासाठी राज्याने स्वतःच्या खर्चाने वकील द्यावा, असे त्यात होते. जलद खटला आणि मोफत वकील हे दोन्ही अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचे भाग ठरले. या खटल्याच्या ओघात हजारो कच्चे कैदी बाहेर आले.

१९. त्याच वर्षी दिल्लीच्या तिहार तुरुंगातून एक पत्र न्यायमूर्तींच्या हाती पडले. लिहिणारा सुनील बत्रा, फाशीची शिक्षा झालेला कैदी. पत्र स्वतःसाठी नव्हते. शेजारच्या दुसऱ्या कैद्याचा पहारेकऱ्याने छळ केल्याची ती तक्रार होती. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले आणि डॉ. वाय. एस. चितळे व मुकुल मुद्गल या वकिलांना न्यायमित्र नेमून तुरुंगात जाऊन पाहण्याचा अधिकार दिला. २० डिसेंबर १९७९ च्या निकालात तक्रारपेट्या, वकिलांच्या नियमित भेटी यांबरोबर आणखी एक आदेश होता : कैद्यांना त्यांचे हक्क कळावेत म्हणून हिंदीत पुस्तिका तयार करून वाटावी.

२०. हक्क कैद्याच्या भाषेत सांगितला पाहिजे, हे तत्त्व किती निकडीचे होते ते वर्षभरातच दिसले. भागलपूरला पोलिसांच्या ताब्यातील आरोपींचे डोळे फोडण्यात आले. त्या खटल्यात, डिसेंबर १९८० मध्ये, असे उघड झाले की दृष्टी गमावलेल्या या माणसांना दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले तेव्हा वकील दिलाच नव्हता. कारण? त्यांनी मागितला नाही. न्यायालयाने हे कारण धुडकावले. आरोपीला पहिल्यांदा हजर केले जाते त्याच क्षणापासून त्याला वकिलाचा हक्क आहे, आणि तो सांगण्याचे बंधन दंडाधिकाऱ्यावर आहे, असे ठरले.

२१. मुलाखतीच्या खिडकीचा प्रश्न १३ जानेवारी १९८१ रोजी सुटला. फ्रान्सिस कोराली मुलीन ही स्थानबद्ध परदेशी महिला तिहारमध्ये होती. तिला आपल्या पाच वर्षांच्या मुलीला भेटता येई ते महिन्यातून एकदा. वकिलाची भेट हवी तर सीमाशुल्क खात्याचा अधिकारी हजर हवा. न्यायालयाने दोन्ही अटी रद्द केल्या. कुटुंबीयांना व मित्रांना भेटणे हा माणूस म्हणून जगण्याचा भाग आहे, असे म्हणून आठवड्यातून दोन मुलाखतींचा मार्ग मोकळा केला. वकिलाशी बोलताना अधिकाऱ्याने दुरून पाहावे, ऐकू नये, अशी मर्यादाही घातली.

२२. आता पुन्हा मुंबई. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी परवानगी घेऊन मुंबई मध्यवर्ती कारागृहातल्या पंधरा स्त्रियांशी संवाद साधला. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन या स्त्रियांशी एकान्तात बोलण्यास आणि अहवाल देण्यास सांगितले. तपासासाठी पोलीस वा वकील न निवडता समाजकार्याची शिक्षिका निवडली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

२३. अहवालात मारहाणीपलीकडचे एक वास्तव आले. दोन परदेशी स्त्रियांना एका वकिलाने फसवले होते. फी म्हणून ठेवून घेतो असे सांगत त्याने त्यांच्या चीजवस्तूंचा आणि दागिन्यांचा जवळजवळ निम्मा भाग गिळंकृत केला होता. तुरुंगात अडकलेल्याला वाट दाखवणारा माणूस हवाच असतो. तो खरा नसेल तर खोटा येऊन उभा राहतो. दलाल, बनावट जामीनदार, 'आत ओळख आहे' म्हणणारे, हे सारे त्याच रिकाम्या जागेत वाढतात. ती जागा राज्याने भरली पाहिजे, हे या अहवालाने पटवून दिले.

२४. १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने ती जागा भरण्याची रीतच आखून दिली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तुरुंगाने कच्च्या कैद्यांची यादी, दाखल झाल्याची तारीख व गुन्हा यांसह, जिल्हा कायदा साहाय्य समितीला पाठवायची. समितीने नेमलेल्या वकिलांनी पंधरवड्यातून एकदा तुरुंगात जायचे. ते कोणत्या दिवशी येणार, याची सूचना आत ठळक जागी लावायची. भेट पहारेकऱ्याच्या दृष्टीसमोर, पण त्याला ऐकू जाणार नाही अशी.

२५. पोलीस ठाण्यांसाठीही नियम ठरले. अटक होताच कायदा साहाय्य समितीला कळवायचे. अटक झालेल्याला विचारून त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचे. स्त्रियांची चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच करायची. हक्कांची माहिती मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत चिकटवायची आणि आरोपीला वाचूनही दाखवायची, हेही ठरले. ज्याला अक्षर येत नाही त्याला भिंतीवरचा कागद निरुपयोगी असतो. 'वाचून दाखवणे' या दोन शब्दांत त्याचा विचार होता.

२६. त्याच वर्षी, १ ऑगस्टला, आणखी एक निकाल लागला. रुदुल साह याला मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी निर्दोष सोडले होते. तो तुरुंगाबाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. मधली चौदा वर्षे तो निर्दोष ठरूनही कैदी होता. त्याच्यासाठी उभ्या राहिल्या त्या हिंगोरानीच. वेडेपणाचे कारण पुढे करणाऱ्या सरकारला त्याचा पुरावा देता आला नाही. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी आधी मिळालेल्या पाच हजारांखेरीज तीस हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मूलभूत हक्काच्या भंगासाठी राज्याने पैसे मोजण्याचा पायंडा येथे पडला.

२७. या मालिकेतला शेवटचा दुवा अरुणाचल प्रदेशातला. सुक दास या सरकारी नोकराला वकिलाविना चाललेल्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याने मोफत वकील मागितला नव्हता, हेच कारण पुन्हा सांगण्यात आले. १० मार्च १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. गरीब आणि अशिक्षित माणसाला आपला हक्क माहीत असेल असे गृहीत धरणेच चूक, ही भूमिका आता पक्की झाली. आठ वर्षांपूर्वी येरवड्याच्या पोचेपासून निघालेली वाट येथवर आली होती.

२८. निकालांना यंत्रणेची जोड मिळायला वेळ लागला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याच्या कलम १२ नुसार ताब्यात असलेली प्रत्येक व्यक्ती मोफत विधी सेवेस पात्र आहे. तिला उत्पन्नाची अट नाही. आज प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तुरुंगांत विधी साहाय्य केंद्रे चालतात. तेथे वकिलांसोबत प्रशिक्षित विधी स्वयंसेवक बसतात. अर्ज लिहिणे, घरी निरोप देणे, पुढची तारीख शोधणे ही त्यांची कामे.

२९. वकिलापलीकडची मदत समाजकार्याच्या क्षेत्रातून आली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९९० मध्ये 'प्रयास' हा क्षेत्रीय प्रकल्प सुरू केला. कैद्याचा पत्ता घरच्यांना आणि घरच्यांचा पत्ता कैद्याला मिळवून देणे, सुटल्यानंतरच्या निवाऱ्याचा व कामाचा विचार करणे, अशा कामांसाठी प्रशिक्षित समाजकार्यकर्ते मुंबईच्या तुरुंगांत जाऊ लागले. कायद्याच्या पुस्तकात या कामाला कलम नव्हते. पण पुष्कळदा जामीनदार मिळतो तो घरच्यांचा पत्ता सापडल्यावरच.

३०. कायदाही बदलत गेला. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद, कलम ४३६अ, जून २००६ मध्ये अमलात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने, ज्याला पूर्वी शिक्षा झालेली नाही अशाच्या बाबतीत ती मुदत एक तृतीयांशावर आणली. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेले आरोपी यातून वगळले आहेत. महत्त्वाचे हे की मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे बंधन आता तुरुंगाच्या अधीक्षकावर आहे. मागण्याचे ओझे प्रथमच कैद्याच्या खांद्यावरून उतरले.

३१. तरीही आकडे बोलके आहेत. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे, म्हणजे शंभरातले सुमारे ७६. जामीन मिळूनही पैशाअभावी आत राहिलेल्यांसाठी केंद्राने २०२३ मध्ये योजना काढली. तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत साहाय्याची सोय झाली. १९७८ मधल्या गवंड्याचा प्रश्न पंचेचाळीस वर्षांनंतर सरकारी योजनेचा विषय झाला.

३२. आणि कागदाचा प्रवास? ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने अधीक्षकांमार्फत कैद्याला पाठवावी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि प्राधिकरणाने आपला माणूस पाठवून अडचण कोठे आहे ते पाहावे. महिनाभरात जामीनपत्र भरले गेले नाही, तर अट शिथिल करावी का, याचा विचार न्यायालयाने आपणहून करावा.

३३. येरवड्यातली न सापडलेली पोच, जिल्ह्याच्या सीमेवर अडलेला जामीनदार, निर्दोष ठरूनही चौदा वर्षे आत राहिलेला माणूस, यांच्यावरचा उपाय असा एकेका ओळीने कायद्यात आला आहे. प्रत्येक ओळीमागे कुणीतरी लिहिलेले पत्र, जपलेले कात्रण किंवा वेळेत केलेला अर्ज आहे. आणि आजही कोणत्याही जिल्ह्याच्या न्यायालयात, हातात आरोपीचे नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन 'साहेब, माझ्या मुलाची तारीख कुठे कळेल?' असे विचारणारी एखादी आई उभी असते. कायद्याने तिला दिलेले उत्तर असे : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय. तेथे वकील मोफत मिळतो.